पुढची डावी बाजू

"हलत नाहीये हो," ती म्हणाली. चाक काढून ठेवलेल्या पोकळीत तिचं अर्धं अंग शिरलं होतं. "पाना नीट बसलाय, पण बोल्ट काही जागचा हलायला तयार नाही."

नवरा समोर खुर्चीत बसला होता. त्याने डावा हात उचलला, मूठ वळली आणि हवेत एक लांब रेघ ओढली. तिला कळलं नाही. त्याने पुन्हा रेघ ओढली, या खेपेला जरा चिडून, आणि म्हणाला, "दार."

"लांब काहीतरी? पाइप? पान्याच्या दांड्यावर पाइप चढवू?"

त्याने सुटल्यासारखा श्वास टाकला आणि मान हलवली.

नळाच्या जुन्या पाइपाचा एक तुकडा घरामागे पडला होता. तो आणून तिने पान्याच्या दांड्यावर चढवला आणि त्यावर सगळा भार टाकला. काही नाही. मग तिने चपला काढल्या, भिंतीला पाठ लावली आणि दोन्ही पायांनी पाइप रेटला. कट्ट असा आवाज झाला. बोल्ट सुटला की तुटला हे तिला समजेना, म्हणून तिने आधी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्याला आवाजावरूनच कळलं होतं. तो चक्क हसत होता. अर्ध्याच तोंडाने, पण हसत होता.

उभी हयात त्याने अँब्युलन्स चालवली होती. पेशंटला आत चढवलं की तो मागे वळून न बघता ओरडायचा, "दार!" मागचं दार लागल्याचा आवाज आला की गाडी सुटायची. निवृत्त झाला आणि वर्ष व्हायच्या आत अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं गेलं. बरेच दिवस तोंडातून नुसतेच आवाज यायचे. मग एक दिवस दवाखान्याच्या खाटेवर तो स्पष्ट म्हणाला, "दार." नर्सने उठून दार लावलं. तो परत म्हणाला, "दार." तिने ते उघडलं. तेव्हापासून चहा म्हणजे दार, पाणी म्हणजे दार, दुखतंय म्हणजे दार आणि मुलीचा फोन आला की आनंदाने दार, दार, दार. डॉक्टर म्हणाले, असं होतं. एखादा शब्द शिल्लक राहतो, कुठला ते कुणाच्या हातात नसतं. तिला वाटलं, निदान 'अगं' तरी राहायला हवा होता. नावाने त्याने तिला कधी हाक मारलीच नव्हती. जन्मभर 'अगं' म्हणून बोलावलं, तेवढी दोन अक्षरंसुद्धा राहिली नाहीत.

हे सगळं तिने अंगवळणी पाडून घेतलं होतं. घात केला तो खांद्याने. लुळ्या हाताचा भार पेलत नव्हता, सांधा सैल होऊन खाली ओघळला होता. हात झोळीत बांधून ती त्याला गाडीत बसवायची आणि स्वतः चालवत व्यायामाच्या दवाखान्यात न्यायची. चालवायला तिला त्यानेच शिकवलेलं, पण गाडी आता म्हातारी झाली होती. पुढची डावी बाजू, नेमकी तो बसायचा ती, पार खाली बसली होती. खड्डा आला की धाड्‌कन आदळायची आणि त्याच्या तोंडून किंकाळी फुटायची. कितीही हळू चालवा, रस्ता तोच. सिग्नलला शेजारच्या गाडीतली माणसं वळून बघायची. मग तो मान खाली घालून उरलेला रस्ता दात आवळून बसायचा. टॅक्सी करून पाहिली, तर ती हिच्याहून खिळखिळी निघाली.

पुढे पुढे त्याने जाणंच सोडलं. जायची वेळ झाली की डाव्या हाताने खाटेची दांडी धरायचा आणि काही केल्या सोडायचा नाही. व्यायाम घेणाऱ्या बाईंनी तिला फोनवर स्पष्ट सांगितलं, "असेच घरी ठेवलेत तर हात आखडून बसेल. मग आम्हालाही हात टेकावे लागतील."

खड्ड्यांचे धक्के झेलणारे नवे शॉक्स आणि स्प्रिंगा यांची खोकी तर घरातच होती. झटका येण्याआधी त्यानेच आणून ठेवलेली. ती घरी शाळांचे गणवेश शिवायची, त्या कटिंगच्या टेबलाखाली ती खोकी पडून होती आणि रोज तिच्या पायाला लागत होती. "येत्या रविवारी बसवतो," असं तो म्हणाला होता. अँब्युलन्सवर असताना या एका गोष्टीत तो कुणाचं ऐकायचा नाही. "शॉक्स गेले की पहिलं कळतं पेशंटला," म्हणायचा. "ड्रायव्हरला कळेपर्यंत पेशंट ओरडून मोकळा झालेला असतो."

तिने गॅरेजवाल्याला बोलावलं होतं. तो गाडी न्यायला आला, तर नवरा काठी टेकत टेकत जाऊन गाडीत बसला आणि उतरेना. गॅरेजवाला म्हणाला, "काका, संध्याकाळी आणून देतो." नवरा म्हणाला, "दार." त्या भल्या माणसाने अदबीने दार लावलं. नवरा आत, गॅरेजवाला बाहेर, आणि दोघंही एकमेकांकडे बघतायत. शेवटी तो गेला. नवऱ्याने खिडकीतून तिच्याकडे पाहिलं, मग टेबलाखालच्या खोक्यांच्या दिशेने बोट दाखवलं, मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मी करणार.

"तुम्ही कसे करणार?" असं तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं आणि म्हणाली, "बरं. तुम्ही सांगा, मी करते."

म्हणायला म्हणाली खरं. पण आजवर तिने नुसती बॅटरी धरली होती. तो गाडीखाली, ती बाजूला उकिडवी. "इकडे नाही गं, तिकडे उजेड पाड." एवढीच तिची विद्या. हातांना मात्र सवय होती. शिलाईचं मशीन ती स्वतः उघडून साफ करायची, कुठला स्क्रू कुठून निघाला हे तिच्या बोटांना आठवायचं. ती मनाशी म्हणाली, हेही एक मशीनच, जरा मोठं.

काम सुरू केलं त्याच सकाळी मुलीचा फोन आला. मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला. फोन स्पीकरवर होता, कारण आईच्या हाताला काळं लागलं होतं.

"आई, तुला वेडबिड लागलंय का? स्प्रिंग दाबलेली असते, ती सुटली तर माणूस जातं. मी वाचलंय."

"मी एकटी नाहीये गं. तुझे बाबा आहेत ना समोर."

"बाबा काय करणार?"

आपण काय बोललो ते मुलीच्या लक्षात आलं असावं. "तसं नाही म्हणायचं मला," ती म्हणाली. "बाबा, ऐकताय का?"

खुर्चीत बसून तो पुढच्या चाकाकडे बघत होता.

आता बोल्ट सुटला होता. दुसरा पहिल्याइतका हट्टी निघाला नाही. मग बॉनेट उघडून वरचे नट काढायचे होते. तिने एक नट पूर्ण सोडवला आणि मधल्या मोठ्या नटाला पाना लावला, तोच त्याने काठी जमिनीवर आपटली. मधल्याला हात लावायचा नाही. त्याने डाव्या हाताची बोटं मिटली आणि एकदम फाकवली, स्फोट व्हावा तशी. तिला समजलं. मधला नट स्प्रिंगला धरून असतो, स्प्रिंग आवळल्याशिवाय तो सोडला तर खेळ खलास.

"नाही लावत हात," ती म्हणाली. "कळलं."

वरच्या मजल्यावर राहणारे निवृत्त पोस्टमास्तर गॅलरीतून हे सगळं बघत होते. "वहिनी, मदतीला आलो असतो," ते वरून म्हणाले, "पण माझे दोन्ही गुडघे रजेवर आहेत."

"तुम्ही आहात तिथेच बरे आहात, मास्तर."

"तेही खरंच. कुणाला बोलवायचं झालं तर हाक मारा. तोंड अजून ड्युटीवर आहे."

स्प्रिंग आणि शॉक एकत्रच खाली निघाले. तिला वाटलं त्याच्या दुप्पट वजन होतं. गंजाने लालभडक झालेलं ते धूड तिने फरफटत त्याच्या खुर्चीपुढे आणलं. स्प्रिंगचा खालचा वेढा तुटलेला होता. त्याने तो बोटाने चाचपला आणि बराच वेळ मान हलवत राहिला. इतके दिवस आपण कशावर बसून जात होतो, असं काहीतरी त्याच्या मनात आलं असावं.

आता खरं जोखमीचं काम होतं. स्प्रिंग आवळायचे दोन लांब स्क्रू, प्रत्येकाला वर-खाली आकडे. आकडे स्प्रिंगच्या वेढ्यांत अडकवायचे आणि स्क्रू पिळत न्यायचे, म्हणजे स्प्रिंग दबत जाते. त्याने दोन बोटं समोरासमोर धरून दाखवली. एक या अंगाला, एक बरोबर त्या अंगाला. तिने तसे अडकवले. निदान तिला तसं वाटलं. मग खाली बसून ती पिळायला लागली.

काम रंगात आलं की ती आजूबाजूचं विसरायची. गणवेशांच्या गठ्ठ्यात मान घालून बसली की दूध उतू गेलेलंही तिला कळत नसे. आताही एका बाजूचा स्क्रू सोपा जात होता म्हणून ती तोच पिळत राहिली.

"दार," तो म्हणाला.

"हो, चहा देते. एवढं होऊ दे."

"दार."

"अहो, देते म्हटलं ना."

"दार!"

हा आवाज तिने कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता. रस्त्यावरून सायरन वाजत असताना, पुढे गर्दी असताना, आत कुणाचा तरी श्वास अडकलेला असताना यायचा तो आवाज. तिचे हात जागच्या जागी थांबले. तिने वर पाहिलं. तो उभा होता. काठी खुर्चीला टेकलेलीच होती, तिला त्याने हातही लावला नव्हता. डाव्या पायावर सगळा भार घेऊन तो उभा होता, थरथरत होता, आणि डावा हात धनुष्यासारखा वाकवून तिला दाखवत होता.

तिने स्प्रिंगकडे पाहिलं. ती सरळ दबत नव्हती. एका अंगाला वाकून केळ्यासारखी झाली होती आणि पलीकडचा आकडा वेढ्याच्या अगदी काठावर आला होता. तो तिच्या डोळ्यांदेखत केसभर सरकला. बारीक टिक् असा आवाज झाला.

तिला उठून पळावं असं वाटलं. पण तो उभा होता, आणि आपण पळालो तर तो आपल्या दिशेने यायला बघणार आणि पडणार हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"बसा," ती हळू म्हणाली. "तुम्ही आधी बसा. मी हलत नाही."

तो बसला. वर गॅलरीत पोस्टमास्तर उभे होते. त्यांनी कठडा घट्ट धरला होता.

नवऱ्याने हाताने दाखवलं. तोंड बाजूला घे. अंग बाजूला घे. स्प्रिंगच्या टोकासमोर राहू नको. आता उलटं फिरव. थोडं. थांब. अजून थोडं. त्याचा तळहात हवेत असा तरंगत होता, जणू रस्त्यात गाडी मागे घ्यायला कुणाला मदत करतोय. तो थांबला की ती थांबत होती, तो हलला की ती पाना फिरवत होती. बोटं घामाने निसटत होती म्हणून तिने ती शर्टाला पुसली. शर्ट त्याचाच होता. हळूहळू स्प्रिंग सरळ झाली, सैल पडली आणि आकडे खळ्‌कन निघून आले.

ती तशीच फरशीवर बसून राहिली. तिला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. राग आला. कुणाचा ते तिलाच कळेना.

"मला नाही जमायचं हे," ती म्हणाली. "गॅरेजवाल्याला बोलावते. तुम्ही गाडीत बसून राहा नाहीतर टपावर चढून बसा."

त्याने ऐकून घेतलं. मग डाव्या हाताने खुर्चीचा हात धरून तो खाली उतरायला लागला. आधी एक गुडघा, मग दुसरा. ती धावली, तर त्याने तिला मानेनेच अडवलं. झोळीतला हात सांभाळत, कण्हत, तो फरशीवर बसला, पाय पसरले आणि ते धूड आपल्या दोन्ही पायांच्या मध्ये ओढून घ्यायची खूण केली. आकडे त्याने स्वतः लावले. एक लावला, समोरचा मोजून मापून लावला, अंगठ्याने रेटून पाहिला. मग एक पाना स्वतःकडे ठेवला आणि दुसरा तिच्यापुढे सरकवला.

एक फेरा त्याने दिला. मग तिच्याकडे पाहिलं. एक फेरा तिने दिला. मग त्याने. त्याचा डावा हात या कामाला सवयीचा नव्हता. पाना दोनदा घसरला, पण त्याने तो तिच्या हाती दिला नाही. तीही मदतीला पुढे झाली नाही. स्प्रिंग सरळ, समजूतदारपणे दबत गेली.

मधला नट सुटला, जुना शॉक हातात आला. त्याने त्याचा दांडा तळहाताने आत दाबला. तो गेला तो गेलाच, वर आला नाही. मग त्याने नवा दाबून दाखवला. तो कुरकुरत आत गेला आणि हात काढल्यावर सावकाश, आपल्या मर्जीने वर आला. त्याने तो तिलाही दाबायला लावला. तिने दाबला.

"छान आहे," ती म्हणाली, आणि तिला खरंच तसं वाटलं.

नवा शॉक नव्या स्प्रिंगसह गाडीत चढवला. दुसऱ्या बाजूला त्यांना पहिल्या बाजूच्या निम्माही वेळ लागला नाही. मागच्या स्प्रिंगा सुट्या होत्या, आवळायची भानगड नव्हती. तरी ते काम त्यांनी पुढच्या रविवारवर टाकलं, कारण त्याला फरशीवरून उठवता उठवता तिच्या नाकी नऊ आले होते. पोस्टमास्तर गुडघे घेऊनच खाली उतरले, तेव्हा कुठे तो खुर्चीत बसला. त्या रात्री मुलीने पुन्हा फोन केला. झाल्या प्रकाराबद्दल तिला आईने काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "पुढचं झालं. तुझ्या बाबांनी केलं."

फोनमध्ये मुलगी रडतेय हे दोघांनाही ऐकू आलं.

मागचं काम झालं त्या दिवशी गाडी चारही चाकांवर उभी राहिल्यावर त्याने तिला शेवटचे बोल्ट पुन्हा एकदा आवळायला लावले. गाडीचा भार खाली आल्याशिवाय ते पक्के करायचे नसतात, हे तिला आता त्याने न सांगताही लक्षात राहणार होतं. मग तो काठी टेकत पुढच्या डाव्या कोपऱ्यापाशी गेला आणि तिथे हात ठेवून सगळा भार टाकला. गाडी दबली, उठली आणि गप्प उभी राहिली. त्याने परत दाबली. परत तेच. कितीतरी वेळ तो ते करत होता. ती पायरीवर बसून बघत होती. अंगाचा कण न् कण दुखत होता.

व्यायामाच्या दिवशी तिने झोळी बांधली आणि काही न बोलता दार उघडून उभी राहिली. तो खाटेवर बसला होता. डावा हात दांडीवर होता. जरा वेळाने त्याने तो काढून घेतला.

वाटेत आधी चाकांची अलाइनमेंट करून घेतली, कारण गाडी एका बाजूला ओढत होती आणि तिच्याआधी ते त्याच्या लक्षात आलं होतं. मग पुलाखालचा तो रस्ता लागला. उखडलेला, एका खड्ड्यातून चाक निघेपर्यंत पुढचा तयार. तिने स्टिअरिंग घट्ट धरलं. त्याने डोळे मिटले. खड्डा आला. गाडी खाली गेली, वर आली, पुढे गेली. दुसरा आला. खांदा अजिबात दुखला नाही असं नाही. त्याच्या कपाळावरची शीर तिला दिसत होती, ओठ आवळलेले होते. पण आवाज आला नाही. रस्ता संपला तेव्हा त्याने डोळे उघडले आणि खिडकीबाहेर बघायला लागला. दुकानं बघत होता, माणसं बघत होता. कितीतरी महिन्यांत त्याने या रस्त्यावरचं काही पाहिलंच नव्हतं.

दवाखान्यात बाईंनी त्याचा हात हलक्याने उचलून पाहिला. "बराच आखडलाय," त्या म्हणाल्या. "पूर्वीसारखा होईल असं मी म्हणणार नाही. पण आलात ते बरं झालं."

तो आत गेला. ती बाहेरच्या बाकावर बसली. शेजारी सुनेला घेऊन आलेली एक म्हातारी होती. ती हिच्या हातांकडे बघत राहिली. नखांच्या कडेला ग्रीस होतं, बोटांची सालं निघाली होती, मनगटाला निळं पडलं होतं.

"हाताला काय झालं गं बाई?"

"काही नाही, मावशी. घरी गाडीचं काम काढलं होतं."

म्हातारीला ते पटलं नसावं, पण तिने पुढे विचारलं नाही. पंखा फिरत होता. बाकाची पाठ गार होती. तिने जरा मान टेकली आणि आठवड्याचा सगळा शीण एकदम अंगावर आला.

जाग आली ती कंपाउंडरच्या आवाजाने. "कोण पुढचे? या आत, या लवकर!"

तिने डोळे अर्धवट उघडले. नवरा तिच्या शेजारी बसला होता. व्यायाम कधीच संपला असणार, कारण झोळी पुन्हा बांधलेली होती आणि काठी बाकाला टेकवलेली होती. कंपाउंडर पुन्हा हाक मारायला तोंड उघडत होता. नवऱ्याने त्याच्याकडे बघून डाव्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं.

कंपाउंडर गप्प झाला. म्हातारी सुनेला धरून पाय न वाजवता उठली आणि आत गेली.

तिने डोळे मिटून घेतले आणि तशीच पडून राहिली.